दुभाष्याचा हक्क : यंत्र, लिपी आणि मालकी



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, हा मी माझा बहुमान समजते. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत मराठी व्याकरण शिकले. वर्गात कोणी ‘समजले’ असे म्हटले की ते त्याला फळ्यापाशी बोलावीत आणि तेच शेजारच्या मुलाला समजावून सांगायला लावीत. जे दुसऱ्याला सांगता येत नाही, ते ज्ञान अजून आपले झालेले नाही, अशी त्यांची धारणा होती. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे : ज्ञान दुसऱ्याला सांगण्याचा हक्क कोणाचा?

मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या बाईने पेटंट, परवाने आणि संगणकाचे ‘ड्रायव्हर’ यांविषयी बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. परंतु हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. तो माझ्या कामात आडवा आला. तो प्रसंग सांगण्यापूर्वी आपल्या शहराच्या इतिहासात थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

हैदराबाद हे पूर्वीपासून दुभाष्यांचे शहर आहे. निजामाच्या राज्यात तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे एकत्र नांदत होती. दरबारी कारभार प्रथम फारसीत चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीची जागा उर्दूने घेतली. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत याच राज्यात होते. तिथल्या शेतकऱ्याची जमीन त्याची, कागदही त्याचा. पण त्या कागदात काय लिहिले आहे हे सांगणारा मुन्शी किंवा वकील दुसराच असे. दुभाषा प्रामाणिक असला तर निभावले, नसला तर घर बुडाले. या परिस्थितीला एक उतार मात्र होता. उर्दू शिकायला कोणाला मज्जाव नव्हता. म्हणूनच केशवराव कोरटकरांसारखे मराठी वकील त्या भाषेत पारंगत होऊन हैदराबादच्या उच्च न्यायालयाच्या न्यायासनापर्यंत पोहोचले. दुभाष्याची सत्ता मोठी होती, पण दुभाषा होण्याचा मार्ग खुला होता.

मोडी लिपीचेही तसेच. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल आज फार थोड्यांना वाचता येतात. विसाव्या शतकात मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून गेली, वाचणारे विरळ झाले. तरी कोणी सहा महिने नेटाने बसला, तर त्याला मोडी येऊ शकते. मोडी विस्मरणात गेली. तिला कुलूप कोणी लावले नव्हते. म्हणूनच २०१४ साली युनिकोड या जागतिक लिपिमानकात तिचा समावेश होऊ शकला.

आता माझ्या प्रसंगाकडे येते. १९९५ ते १९९७ या काळात मी या शहरातील वृद्ध मराठी भाषकांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस ॲक्शनचे दिवस पाहिलेली, घरात मराठी आणि दारात दखनी बोलणारी ही माणसे होती. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे मजकूर संगणकावर टंकित करून घेतला. कॅसेट महाग असत, म्हणून मजकूर उतरवून झाला की त्यावर पुढची मुलाखत घेतली जाई. निम्म्या मुलाखती एका स्मरणिकेत छापल्या गेल्या. उरलेल्या निम्म्या ‘पुढच्या खंडासाठी’ म्हणून फ्लॉपींवर राहिल्या आणि पुढचा खंड, जसे पुष्कळदा होते तसे, निघालाच नाही.

पंधराएक वर्षांनी मी त्या फ्लॉपी बाहेर काढल्या. मजकूर ज्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये होता, ते चालण्यासाठी संगणकाच्या मागे, छपाईयंत्राची तार जिथे जोडतात त्या पंचवीस टाचण्यांच्या खाचेत, एक लहानशी डबी खोचावी लागे. तिला ‘डाँगल’ किंवा नुसते ‘लॉक’ म्हणत. सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून केलेली ती योजना. माझ्याकडे ती डबी होती, रीतसर विकत घेतलेली होती, पावतीही होती. परंतु नव्या संगणकाला ती ओळखता येईना. विक्रेत्याने धंदा बंद केलेला. नव्या संगणकाला त्या डबीशी बोलायला शिकवणारा ड्रायव्हर कोणी केलेला नव्हता, आणि दुसऱ्या कोणाला तो करता येत नव्हता. कारण डबी कोणत्या सांकेतिक भाषेत उत्तर देते हे व्यापारी गुपित होते. मुलाखती दिलेली बहुतेक माणसे तोवर निवर्तली होती. त्यांचे शब्द माझ्या टेबलावर होते आणि मला वाचता येत नव्हते.

‘ड्रायव्हर’ म्हणजे नेमके काय, हे येथे सांगितले पाहिजे. संगणकाची मुख्य कार्यप्रणाली आणि त्याला जोडलेले उपकरण, मग ते छपाईयंत्र असो, पडदा असो किंवा माझी ती डबी असो, या दोघांच्या भाषा वेगळ्या असतात. एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावणारी जी छोटी आज्ञावली, ती ड्रायव्हर. तो यंत्रांमधला दुभाषा होय. आणि दोघांनी कोणत्या खुणांनी बोलायचे याचा जो ठराव, तो त्यांचा सांधा. सांध्याचा ठराव प्रसिद्ध असेल तर कोणीही दुभाषा होऊ शकतो. तो गुप्त असेल तर दुभाषा एकच, आणि त्याने दुकान बंद केले की दोन्ही यंत्रे मुकी.

येथे पुष्कळजण पेटंटला दोष देतात. मला तो सरसकट योग्य वाटत नाही. पेटंट, ज्याला शासकीय परिभाषेत ‘एकस्व’ म्हणतात, तो मुळात एक सौदा आहे. संशोधकाने आपली युक्ती जाणकाराला करून पाहता येईल इतक्या तपशिलाने जगजाहीर करायची आणि त्या बदल्यात समाजाने त्याला ठरावीक वर्षे एकाधिकार द्यायचा. मुदत संपली की युक्ती सर्वांची.

या संदर्भात आपल्याच एका माणसाचे स्मरण होते. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म १८६७ साली मुंबईत झाला. यंत्रांचा नाद त्यांना लंडनला घेऊन गेला. छापखान्यातील खिळे वेगाने ओतणारे यंत्र हा त्यांचा ध्यास होता. दादाभाई नौरोजींसारख्यांनी त्यांना आधार दिला. सर रतन टाटांच्या पैशाने १९१० मध्ये त्यांच्या शोधांसाठी एक मंडळी उभी राहिली. तीही टिकली नाही. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निवर्तले. पेटंटे अनेक मिळाली, पण ज्या छपाईधंद्यासाठी यंत्र घडवले, त्या धंद्यात स्थिरावलेल्या बड्या कंपन्यांसमोर त्यांच्या यंत्राला हवा तसा शिरकाव मिळाला नाही. म्हणजे पेटंट हातात असूनही एकट्या संशोधकाला बाजाराची दारे उघडतातच असे नाही, हा त्या चरित्रातला एक धडा. दुसरा धडा मला अधिक मोलाचा वाटतो. भिसे यांच्या यंत्रांचे आराखडे पेटंट कार्यालयांच्या दप्तरांत आजही कोणालाही पाहता येतात. त्यांचा एकाधिकार केव्हाच संपला, त्यांचे ज्ञान उरले. माझ्या डबीच्या बाबतीत नेमके उलटे झाले : विक्रेता संपला आणि ज्ञानही त्याच्याबरोबर गेले. पेटंटला मुदत असते. गुपिताला मुदत नसते.

यंत्रांच्या दुभाष्यांचा हा तंटा जगात प्रथम गाजला तोही छपाईयंत्रावरूनच. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक लेझर छपाईयंत्र दिले. त्यात कागद अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रामरने आधीच्या यंत्राच्या आज्ञावलीत अशी सुधारणा केली होती की, कागद अडकला की काम थांबलेल्यांना संगणकावर सूचना मिळावी. नव्या यंत्रातही ती करावी म्हणून त्याने मूळ संहिता मागितली. ज्याच्याकडे ती होती त्याने, ती कोणाला न देण्याचा करार केलेला असल्याने, नकार दिला. स्टॉलमनच्या मनात हा नकार राहिला. १९८३ मध्ये त्याने मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जाहीर केली. आज्ञावली वापरण्याचे, अभ्यासण्याचे, सुधारण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असावे, हे तिचे तत्त्व. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि तोही लवकरच याच तत्त्वाच्या परवान्याखाली आला. या गाभ्यात आज हजारो उपकरणांचे दुभाषे उघड्या संहितेत नांदतात. आपल्या हैदराबादेतही ‘स्वेच्छा’ या गटाने तेलुगू भाषकांसाठी या दिशेने काम केले आहे.

आपल्या देशात याच सुमारास एक मोठे काम झाले, त्याची म्हणावी तशी नोंद आपण मराठी माणसांनी घेतलेली नाही. आयआयटी कानपूर येथे भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे संशोधन चालू होते. त्यात मोहन तांबे यांचा महत्त्वाचा वाटा होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि ते काम तिथे आले. संगणकाच्या पोटात बसवायची एक पाटी, तिचे नाव ‘जिस्ट कार्ड’, तिथे तयार होऊन विकली जाऊ लागली. ही पाटी म्हणजे विक्रीची वस्तू होती. परंतु तिच्यामागची संकेतपद्धती गुप्त ठेवली गेली नाही. ‘इस्की’ या नावाने ती भारतीय मानक संस्थेने १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केली. कोणीही ती पुस्तिका घ्यावी आणि आपले यंत्र तिच्याशी जुळवावे.

तिच्या जोडीला ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलकाचा आराखडा होता. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने, अशी त्याची साधी मांडणी. ज्या कळीवर देवनागरीतला ‘क’, तिच्यावरच तेलुगूतला, कन्नडमधला आणि गुजरातीतला ‘क’. हैदराबादसारख्या शहरात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. एकदा मराठी टंकलेखन शिकलेल्या मुलीला तेलुगू टंकलेखनासाठी बोटे नव्याने वळवावी लागत नाहीत. लिपी वेगळ्या असल्या तरी वर्णमालेचा सांगाडा एक आहे, हे आपल्या प्राचीन व्याकरणकारांनी ओळखलेले सत्य त्या कळफलकात उतरले आहे.

हा ठराव प्रसिद्ध होता, म्हणूनच पुढची गोष्ट घडू शकली. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतली गेली. आज आपल्या भ्रमणध्वनीवर उमटणारा ‘क’ कोणत्याही कंपनीच्या यंत्रात ०९१५ याच संकेताने साठवला जातो.

मात्र १९९० च्या दशकातील बहुतेक छापखान्यांनी हा राजमार्ग घेतला नाही. प्रकाशनासाठी सुबक अक्षरे हवी होती आणि ती लवकर हवी होती. प्रत्येक उत्पादकाने इंग्रजी अक्षरांच्या दोनशेच्या आसपास घरांत आपल्या मर्जीने काने, मात्रा आणि जोडाक्षरे बसवली. एकाच्या घरात जिथे वेलांटी, तिथे दुसऱ्याच्या घरात अर्धा ‘श’. त्यामुळे एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की अगम्य चिन्हांचा पसारा दिसे. अक्षरांच्या रेखाटनावर उत्पादकाची मालकी असणे रास्त आहे. तो त्याच्या कारागिरांचा घाम आहे. पण कोणते अक्षर कोणत्या घरात, हा ठराव गुप्त ठेवल्याने नकळत मजकुरावरही त्याची मालकी झाली. या एका गोष्टीमुळे मराठीची किती स्मरणिका, गौरवग्रंथ आणि प्रबंध फ्लॉपींवर अडकून पडले असतील, याचा विचार मन विषण्ण करतो.

हा प्रश्न इतिहासजमा झाला आहे, असे मात्र कोणी समजू नये. संगणक आणि दूरचित्रवाणीचा पडदा यांना जोडणारी एचडीएमआय ही तार आपल्या घरोघरी आहे. २००२ मध्ये सात कंपन्यांनी मिळून तो सांधा ठरवला. तो वापरणाऱ्या उत्पादकाला वार्षिक शुल्क आणि प्रत्येक नगामागे काही सेंट स्वामित्वशुल्क द्यावे लागते. इथवर तक्रारीला जागा नाही. परंतु या सांध्याच्या २०१७ च्या २.१ या आवृत्तीचा तपशील सभासदांपुरताच राखला गेला. एएमडी ही चित्रप्रक्रियेच्या चिपा करणारी कंपनी. हैदराबादेतही तिचे मोठे केंद्र आहे. तिने या आवृत्तीचा ड्रायव्हर लिनक्ससाठी उघड्या संहितेत देण्याची तयारी केली आणि त्यासाठी एचडीएमआय फोरमशी बोलणी केली. फोरमने तो प्रस्ताव नाकारला, असे त्या कंपनीच्या अभियंत्याने २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीरपणे सांगितले. कंपनी परवानाधारक, शुल्क भरलेले, चिप आणि तार दोन्ही ग्राहकाने विकत घेतलेली. अडचण फक्त दुभाष्याने उघडपणे बोलण्याची. उघडी संहिता प्रसिद्ध करणे म्हणजे राखून ठेवलेला तपशील जगाला सांगणे, हा तिथला पेच होता. याच कामाचा डिस्प्लेपोर्ट हा दुसरा सांधा ‘व्हेसा’ या संस्थेने २००६ मध्ये आणला. त्याचे ड्रायव्हर लिनक्समध्ये उघडपणे नांदतात आणि त्यामुळे तो सांधा वापरणाऱ्या उत्पादकांचा धंदा बुडालेला नाही.

उत्पादकांची बाजूही आपण ऐकली पाहिजे. सांधा ठरवायला वर्षे लागतात, चाचण्यांना पैसा लागतो, आणि चित्रपटांची चोरी होईल ही भीती खोटी नाही. त्याचा मोबदला त्यांना जरूर मिळावा. परंतु मोबदला आणि मौन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माझ्या डबीचे पैसे मी मोजले होते. मला नको असताना जे पदरात आले, ते मौन.

आपल्या देशाने या बाबतीत काही शहाणपणाची पावले टाकली आहेत. १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने पेटंटची मुदत वीस वर्षे झाली, आणि निव्वळ संगणक-आज्ञावली हा पेटंटयोग्य शोध नव्हे असे कलम ३ मध्ये घातले गेले. २००४ च्या अखेरीच्या वटहुकुमाने ती मर्यादा सैल करण्याचा प्रयत्न झाला. २००५ मध्ये संसदेने तो भाग गाळला. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. सरकारी कामासाठी निवडलेल्या मानकाच्या अंमलबजावणीला जी पेटंटे अपरिहार्य असतील, ती त्या मानकाच्या आयुष्यभर स्वामित्वशुल्काविना उपलब्ध असावीत, असे ते धोरण सांगते. धोरण कागदावर असणे आणि कचेरीत उतरणे यांत अंतर असते, हे खरे. पण दिशा योग्य आहे.

माझ्या मुलाखतींचे पुढे काय झाले, ते सांगून हे विवेचन आवरते घेते. या शाळेचा एक माजी विद्यार्थी, आज या शहरातील एका कंपनीत अभियंता, एका रविवारी घरी आला असता त्याच्यापाशी मी हे दुःख बोलून दाखवले. डबीला त्याने हातच लावला नाही. छापलेली स्मरणिका आणि तिच्याच मजकुराच्या फ्लॉपी त्याने शेजारी ठेवल्या आणि अज्ञात शिलालेखाचा अभ्यासक करतो तसे एकेक चिन्ह जुळवत गेला. छापलेल्या निम्म्याच्या किल्लीने न छापलेला निम्मा उघडला. रविवारमागून रविवार हे काम चालले. शेवटपर्यंत छळले ते ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ या शब्दांतल्या ‘ऱ’ ने. हिंदीत नसलेले ते आपले अक्षर त्या फाँटमध्ये एकाच घरात बसवलेले नव्हते. अखेर सगळ्या मुलाखती युनिकोडमध्ये आल्या. दोन फ्लॉपी मात्र बुरशीने खाल्ल्या होत्या. त्यांवरची तीन माणसे कायमची गेली.

त्याने केलेली जुळणीची तालिका मी मागितली, तेव्हा तो म्हणाला, “बाई, ती मी आधीच सगळ्यांसाठी खुली करून ठेवली आहे. आणखी कोणाच्या तरी फ्लॉपी असतीलच ना.” गुरुजी असते तर त्यांनी त्याला फळ्यापाशी बोलावले असते.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज संगणकाच्या क्षेत्रात जबाबदारीच्या जागी आहेत. त्यांना माझी एवढीच विनंती आहे : आपण जो सांधा घडवाल, त्याचा मोबदला जरूर घ्या, पण त्याचा ठराव लिहून ठेवा आणि केव्हा ना केव्हा तो उघडा करा. संस्थेला विनंती अशी की, शाळेची जुनी हस्तलिखिते, वार्षिकांके आणि स्मरणिका ज्या कोणत्या फाँटमध्ये असतील, त्या युनिकोडमध्ये आणण्याचे काम याच वर्षी हाती घ्यावे. छापील प्रती अजून शाबूत आहेत, म्हणजे किल्ली आपल्या हातात आहे. तीन माणसे मी गमावली. शाळेवर ती वेळ येऊ नये.